खोडायची खोली

अलकनंदा बिडवई यांचं पद कागदोपत्री ट्रेसरचं होतं. बाराखंबा रोडवरच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात त्या बहात्तर सालापासून बसत. वरच्या लोकांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग पेपर पसरायचा आणि शाईनं रेघन् रेघ उतरवायची, एवढंच त्यांचं काम. पण ऑफिसातली माणसं त्यांच्या टेबलाशी यायची ती दुसऱ्याच कारणानं. कुणाची शाई सांडलेली असे, कुणी जिना उलटा चढवलेला असे, कुणी संडासाचं दार थेट स्वयंपाकघरात उघडून ठेवलेलं असे. “अलकनंदाजी, ज़रा इसको ग़ायब कर दीजिए,” असं म्हणत गुंडाळी हातात धरून उभे राहायचे.

शाई खोडणं म्हणजे पेन्सिल खोडणं नव्हे. आधी दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा आडवा धरून शाईचा थर हलक्या हातानं खरवडायचा. मग भोकं पाडलेली पत्र्याची पट्टी ठेवायची आणि शेजारच्या रेघेला धक्का न लावता रबर फिरवायचं, एकाच दिशेनं. चुरा मऊ ब्रशनं झटकायचा. तळहातानं नाही, कारण दिल्लीत तळहाताला मार्चपासून घाम असतो. शेवटी ती खरखरीत जागा नखाच्या पाठीनं घोटून गुळगुळीत करायची, नाहीतर नवी शाई तिथं फुटते. एवढं करूनही ट्रेसिंगवरून अमोनियानं काढलेल्या प्रतीत खोडलेल्या जागी फिकट डाग उमटायचा. ऑफिसात त्याला ‘भूत’ म्हणत. अलकनंदाबाईंनी खोडलेल्या जागी भूत उमटत नसे.

हा हात त्यांना अमरावतीच्या आयटीआयमध्ये मिळाला. तिथं मुरलीधर देशकर नावाचे सर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी विटकरी रंगाचा एक तुकडा वर धरला आणि विचारलं, “ह्याला रबर का म्हणतात?”

“रबराचं असतं म्हणून,” कुणीतरी म्हणालं.

“उलटं आहे बाळांनो. रब म्हणजे घासणं. ह्या झाडाचा चीक साहेबाच्या देशात पोचला, तेव्हा त्याचं करायचं काय, हेच कुणाला कळेना. तोवर ते लोक पावाच्या तुकड्यानं पेन्सिल खोडायचे. मग ध्यानात आलं, की हा चीक पावापेक्षा बरा घासतो. घासणारा, म्हणून रबर. टायर, नळ्या, बूट सगळं मागाहून आलं. पण नाव पडलं ते ह्या कामावरून. तेव्हा ह्या तुकड्याला हलकं समजू नका.”

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या दोघा-तिघांनी डब्यातल्या भाकरीनं खोडून पाहिलं. कागद काळा झाला आणि भाकरीही. अलकनंदाबाई ही गोष्ट पुढं कितीदा तरी सांगत.

लग्न होऊन त्या दिल्लीत आल्या आणि संसारात ह्या शब्दाची पिलावळ सगळीकडे भेटायला लागली. कुकरचं रबर, वेणीचं रबर, न्हाणीतली रबरी चप्पल, कूलरला पाणी भरायची रबरी नळी. टीव्हीवर कुटुंबनियोजनाची जाहिरात लागली की त्यांचे यजमान दत्तात्रय उठून आवाज बारीक करत, तेही रबरच. मुलगी अक्षता दिल्लीत वाढलेली. ती “आई, माझा रबड़ कुठंय?” असं विचारायची. ‘खोडरबर’ हा शब्द घरात एकट्या अलकनंदाबाईंपाशी उरला होता.

आणि एक रबर होतं पत्त्यांतलं. दत्तात्रय कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात आरक्षणाचं काम बघत. शनिवारी संध्याकाळी ते ब्रिज खेळायला बसत. तीनांतले दोन डाव जिंकले की एक रबर पुरं होतं. “एक रबर संपलं की निघतो” असा त्यांचा फोन यायचा आणि इकडे आमटीवर साय धरायची. ह्या रबराचा त्या चिकाशी काही संबंध नाही, हे नाव कुठून आलं ते कुणालाच नीट ठाऊक नाही, असं त्यांनी एकदा डिक्शनरी बघून बायकोला सांगितलं होतं.

“सुरुवातच ठाऊक नाही म्हटल्यावर शेवट तरी कुठून ठाऊक असणार?” अलकनंदाबाई म्हणाल्या आणि आमटी परत गॅसवर ठेवली.

दत्तात्रयांचे ब्रिजमधले पार्टनर म्हणजे सुधाकर नाईकवडी, केंद्र सरकारातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. ब्रिजमध्ये पार्टनरनं लावलेली बोली मोडायची नसते, निदान चारचौघांत तरी नसते. दत्तात्रयांनी हा नियम पत्त्यांपुरता ठेवला नाही. गोदातीर सहकारी गृहरचना संस्था निघाली तेव्हा सुधाकरराव अध्यक्ष झाले, दत्तात्रय चिटणीस झाले, आणि अध्यक्ष बोलायचे त्याला चिटणीस मान डोलवायचे. संस्थेला मयूर विहारात जमीन मिळाली. नकाशा अलकनंदाबाईंच्या ऑफिसातून झाला. त्याची ट्रेसिंग अर्थातच त्यांनी केली.

त्या नकाशात तळमजल्यावर जिन्याच्या बाजूला एक खोली होती. एक माणूस, एक खाट, एक स्टोव्ह आणि कोपऱ्यात मोरी मावेल एवढी. ती विठ्ठलची.

विठ्ठल साबळे अतिथिगृहात स्वयंपाकी होता. संगमनेरकडचा. तरुणपणी आला तो तिथल्याच चुलीशी म्हातारा झाला. दिल्लीतल्या मराठी घरांतली बारशी, मुंजी, साखरपुडे, सगळी त्याच्या हातची. अलकनंदाबाईंच्या बाळंतपणात डिंकाचे लाडूसुद्धा त्यानंच करून पाठवले होते, कारण सासर-माहेर दोन्ही दूर. त्याची बायको लवकर गेली. एक लेक होती, तिकडे सासरी. एका गणपतीत, प्रसादाचं जेवण उरकल्यावर, सुधाकररावांनी सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि जाहीर केलं, “विठ्ठल, तू निवृत्त झालास की आमच्या सोसायटीची देखरेख तुझ्याकडे. खालची खोली तुझी!”

विठ्ठल नारळ हातात फिरवत म्हणाला, “साहेब, नारळ दोन परीनं देतात. पाठवणीचा का बोलावण्याचा, ते आत्ताच सांगा.”

सगळे खो खो हसले. पुढच्या आठवड्यात अलकनंदाबाईंनी त्या खोलीच्या भिंती शाईनं पक्क्या केल्या. त्या भरवशावर विठ्ठलनं गावची जागा पुतण्यांच्या नावे करून टाकली. “मला काय करायची? माझं आता दिल्लीत ठरलंय,” असं तो सांगत सुटला.

पण इमारत उभी राहायला वर्षं गेली. कधी मंजुरी अडली, कधी सिमेंट, कधी सभासदांचे हप्ते. आणि मधल्या काळात दिल्लीची तऱ्हाच बदलली. नकाशा झाला तेव्हा संस्थेत दोघांकडे मोटार होती, बाकीच्यांकडे स्कूटर. नव्वदीनंतर कुणाचा मुलगा गुडगावच्या परदेशी कंपनीत लागला, कुणाला बँक स्वतः फोन करून कर्ज द्यायला लागली. चौऱ्याण्णव साली मंजूर नकाशात एकदा दुरुस्ती करून घ्यायची संधी आली, तेव्हा समितीनं तळमजल्यावर मोटारी मांडून पाहिल्या. सगळ्यांच्या बसल्या. एक उरली.

दत्तात्रयांनी जेवताना विषय काढला. भाताकडे बघत म्हणाले, “ती खालची खोली काढायची ठरतंय.”

“काढायची म्हणजे?”

“म्हणजे... खोडायची. तिथं एक गाडी बसते.”

“कुणाची?”

“कुणाची असं नाही. चिठ्ठ्या टाकणार.”

“मग चिठ्ठ्या टाका आणि ज्याची निघेल त्याची गाडी बाहेर उभी करा.”

“अगं, दिल्लीचं ऊन. सुधाकर म्हणतो, उन्हात टायरना चिरा जातात, वायपरची रबरं कडक होतात, दारांची रबरं सुटतात. नवीन गाडी दोन वर्षांत जुनी.”

“आणि विठ्ठल? त्याला चिरा जात नाहीत?”

दत्तात्रयांनी ताक मागितलं. मग म्हणाले, “बाहेरची एजन्सी नेमू, चोवीस तास गार्ड देतात. हल्ली तसंच करतात सगळीकडे. विठ्ठलला आपण काहीतरी... सत्कार वगैरे करू.”

“झाला की एकदा. शाल आहे अजून त्याच्याकडे.”

“नंदा, सुधाकर पार्टनर आहे माझा.”

“आणि मी कोण? समोरच्या पार्टीची?”

दत्तात्रय ताक पिऊन बाल्कनीत गेले.

अलकनंदाबाई दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर सरळ अतिथिगृहाच्या मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेल्या. विठ्ठल पातेल्यात डाळ घोटत होता. मे महिन्यात त्याची निवृत्ती होती. आणि निवृत्तीबरोबर मागच्या चाळीतली जागाही सोडायची होती, नियमच तसा. त्यानं स्टूल पुसून दिलं. बाईंनी बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. शब्द जुळवत बसलं तर सांगणं होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

विठ्ठलची रवी थांबली नाही. “गाड्या येणारच वहिनी. लोकांची पोरं कमावती झाली.”

“तू काहीच म्हणणार नाहीस?”

“काय म्हणू? कागद आहे का माझ्याकडे? तोंडानं दिली, तोंडानं घेतली.” डाळीत पाणी घालून त्यानं विचारलं, “खोडणार कोण? तुम्हीच ना?”

“मलाच सांगतील.”

“मग चांगली साफ निघेल,” विठ्ठल म्हणाला. टोमणा होता की कौतुक, ते बाईंना कळलं नाही. घरी जाताना बसमध्ये उभ्या उभ्या त्या ते वाक्य उलटसुलट करून बघत राहिल्या.

लेकीकडे जाशील का, असं त्यांनी विचारलंच नाही. लेकीच्या दारात बाप कायमचा राहत नाही, हे विठ्ठलच्या आणि त्यांच्याही घरात न सांगता कळणारं होतं.

समितीची बैठक रविवारी सकाळी सुधाकररावांच्या भाड्याच्या फ्लॅटवर ठरली. काम आटोपल्यावर जेवण होतं. सुधाकररावांच्या पत्नी विनयाताई हौशी, पण स्वयंपाकाची दगदग त्यांना सोसत नसे. म्हणून त्यांनी नेहमीच्या सवयीनं विठ्ठलला बोलावलं होतं. ज्याची खोली काढायची, त्याच्याच हातचं जेवण ठेवलंय, हे घरात कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. अलकनंदाबाई दारातून आत आल्या तेव्हा मसालेभाताचा वास सुटला होता आणि स्वयंपाकघरात विठ्ठल विनयाताईंना विचारत होता, “काजू कुठल्या डब्यात?”

बाईंनी ट्रेसिंगची गुंडाळी जेवणाच्या टेबलावर उलगडली. चारी कोपऱ्यांवर स्टीलचे पेले ठेवले. समितीचे चार-पाच जण भोवती उभे राहिले. सुधाकरराव चष्मा सारखा करत म्हणाले, “हं, वहिनी. पाच मिनिटांचं काम तुमचं. ही भिंत, ही भिंत आणि ही मोरी. इथं गाडीचा चौकोन काढा की झालं.”

अलकनंदाबाईंनी पर्समधून ब्लेडचा अर्धा तुकडा, पत्र्याची पट्टी आणि पांढरं रबर काढलं आणि टेबलावर मांडलं. मग हात मागे घेतले.

“मी नाही खोडणार.”

“म्हणजे?”

“बावीस वर्षं मी लोकांच्या चुका खोडतेय, भाऊजी. ही चूक नाही. ही तुम्ही दिलेली खोली आहे. ज्यांना काढायचीय त्यांनी काढावी. सामान ठेवलंय.”

दत्तात्रय खिडकीजवळ होते. त्यांचे कान लाल झाले. एक सभासद खोकला. कुणाला वाटलं असेल, आता सगळे खाली मान घालतील आणि विषय मिटेल. पण सुधाकररावांनी फायलींवरचे मोठमोठे शेरे स्वतःच्या हातानं फिरवलेले. ते हसले.

“अहो वहिनी, सरकारात तीस वर्षं आम्ही दुसरं काय केलं? खोडाखोडच केली!” त्यांनी ब्लेड उचललं, खुर्ची ओढली आणि मोरीच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.

ब्लेड त्यांनी उभं धरलं होतं. अलकनंदाबाईंना ते दिसलं. त्यांचा हात एकदा पुढं झाला, सवयीनं, आणि थांबला. शाईची पहिली रेघ निघाली. सुधाकररावांनी विजयानं वर पाहिलं, मग रबर घेऊन जोरानं, उलटसुलट, पोरं पाटी पुसतात तसं घासलं. कागद आधी पांढरट झाला, मग चुरगळला, मग एक बारीक आवाज झाला. खोलीच्या बरोबर मध्यावर अंगठा जाईल एवढं भोक पडलं आणि त्यातून टेबलावरचं फुलाफुलांचं प्लास्टिक दिसायला लागलं.

विठ्ठल वाट्या घेऊन बाहेर आला होता. टेबलावर जागा नाही बघून तो थांबला, जरा वाकून त्यानं कागद पाहिला.

“भोक पडलं होय साहेब?” तो शांतपणे म्हणाला. “मग आता पाऊस येणार आत.”

हसावं की नाही ते कुणाला कळलं नाही. विनयाताई “अहो, जेवून घ्या ना आधी,” म्हणत बाहेर आल्या. त्या दिवशी मसालेभात बराच उरला.

भोक पडलेली ट्रेसिंग नकाशे मंजूर करणाऱ्या प्राधिकरणात चालत नाही. सगळा नकाशा नव्यानं उतरवायला हवा होता आणि दुरुस्तीची मुदत महिनाअखेर संपत होती; तोवर नवा नकाशा गेला नाही तर आधीची मंजुरीही जाणार होती. सुधाकररावांनी लक्ष्मीनगरात एक ड्राफ्ट्समन गाठला. त्यानं हातातली कामं दाखवून दीड महिना मागितला. बाराखंब्याच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला होता, पण त्यावर फक्त नव्या वसाहतींची कामं चालत. जुन्या कागदाला त्यात जागा नव्हती. शेवटी सुधाकररावांनी दत्तात्रयांना फोन केला. “तुझ्या बायकोला सांग. तूच सांग.” फोन ठेवल्याचा आवाज बाईंना स्वयंपाकघरात ऐकू आला.

“मी काढते,” दत्तात्रयांनी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या. “पण जसा होता तसा काढीन. चिटणीस म्हणून सही तुमची लागते. करायची की नाही, ते तुम्ही ठरवा.”

त्या ऑफिसातून आल्यावर रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसत. अक्षता ताट मांडीवर घेऊन जेवे. दत्तात्रय शनिवारी पत्त्यांना गेले नाहीत. बोलावणंच आलं नव्हतं. ते पेपर वाचत बसत आणि पेपरवरून टेबलाकडे बघत. बायकोला काम करताना त्यांनी इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं. ती श्वास धरून रेघ ओढते, रेघ संपली की सोडते, हे त्यांना पन्नाशी उलटल्यावर कळत होतं. एकदा त्यांनी विचारलं, “चहा टाकू?” त्यांच्या घरात हे वाक्य तोवर कुणी पुरुषानं उच्चारलेलं नव्हतं.

मुदत संपायच्या आदल्या सकाळी नकाशा तयार झाला. दत्तात्रय आंघोळ करून, चष्मा लावून टेबलाशी आले. बोट ठेवत ठेवत सगळे मजले त्यांनी पाहिले. तळमजल्यावर, जिन्याच्या बाजूला, बोट थांबलं.

“आहे,” ते म्हणाले.

“आहे.”

“मी ही सही केली, तर सुधाकर पुन्हा माझ्याशी बोलणार नाही.”

“नाही बोलणार,” अलकनंदाबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याला खोटी आशा दाखवली नाही. पेनही पुढं केलं नाही.

दत्तात्रय बराच वेळ वाकून बघत राहिले. अक्षता शाळेला निघाली, दार लागलं. मग ते म्हणाले, “हिला खिडकी नाही.”

“पहिल्यापासूनच नव्हती.”

“मग तेव्हा का नाही काढलीस?”

“कुणी म्हणालं नाही. अन् माझ्याही ध्यानात आलं नाही.” हे बोलताना त्यांचा आवाज खाली गेला. लोकांच्या इतक्या चुका पाहणाऱ्या त्यांच्या डोळ्यांना ही एक चूक एवढी वर्षं दिसली नव्हती.

“इकडून काढता येईल?” दत्तात्रयांनी गाड्यांच्या बाजूच्या भिंतीवर बोट ठेवलं.

बाईंनी ब्लेड आडवं धरलं. भिंतीची दोन बोटं शाई निघाली, चुरा झटकला गेला, नखाच्या पाठीनं जागा घोटली गेली आणि तिथं खिडकीच्या दोन बारीक रेघा आल्या. शाई वाळेपर्यंत दोघंही थांबले. मग दत्तात्रयांनी सही केली आणि संस्थेचा शिक्का जरा जास्तच जोरानं मारला.

नकाशा त्याच दिवशी प्राधिकरणात गेला आणि पुढं जे व्हायचं ते झालं. सर्वसाधारण सभेत आरडाओरड झाली. दत्तात्रयांचं चिटणीसपद गेलं, पण मंजूर नकाशा मंजूरच राहिला. सुधाकररावांनी दुसरा पार्टनर शोधला. विनयाताईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावलं, अलकनंदाबाईंना नाही. पुढं कितीतरी संक्रांती नाही. शेजारशेजारच्या जिन्यांत राहायला येऊनही नाही. चिठ्ठीत गाडी बाहेर राहायची वेळ आली ती भलत्याच एका गरीब सभासदावर. त्यानं ताडपत्री शिवून घेतली आणि वर्षभर बिडवईंना ऐकवलं.

बांधकाम चालू होतं तोवर विठ्ठल साइटवर पत्र्याच्या शेडमध्ये सिमेंटची राखण करत राहिला. दोन उन्हाळे त्यानं तिथं काढले. इमारत झाल्यावर तो ट्रंक घेऊन खोलीत गेला. खिडकीबद्दल त्यानं आभार वगैरे मानले नाहीत. उलट पहिल्याच आठवड्यात तक्रार केली, की सकाळी सगळ्या गाड्या सुरू होतात तेव्हा धूर सरळ आत येतो, भाजीला वास लागतो. ही खिडकी सुचली कुणाला?

“ह्यांना,” अलकनंदाबाईंनी सांगून टाकलं.

“साहेबांना पत्त्यातलंच कळतं,” विठ्ठल म्हणाला.

त्या वर्षीच्या पाडव्याला त्या पुरणपोळ्यांचा डबा घेऊन खाली गेल्या. दार लोटलेलं असेल ह्या समजानं त्यांनी ढकललं, तर आतून कडी होती. त्यांनी कडी वाजवली.

“कोण आहे?” आतून आवाज आला. जाग्यावरून न उठता विचारल्यासारखा.

“मी आहे, अलकनंदा.”

“थांबा जरा, वहिनी. येतो.”

आत स्टोव्हचा आवाज बंद झाला, भांडं खाली ठेवल्याचं ऐकू आलं. चपला शोधत असावा. अलकनंदाबाई डबा दोन्ही हातांत धरून त्याच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या.